ग्रीक वैद्यांचे सिद्धांत चुकले. मग त्यांनी दिले काय?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "सर, हिपोक्रॅटिस वैद्यकाचा जनक, असे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. पण चार द्रवांचा सिद्धांत चूक, गॅलेनची शरीररचना चूक, रक्त काढण्याचा उपचार तर घातकच. मग या ग्रीक लोकांनी वैद्यकाला नेमके दिले तरी काय? परीक्षेत काय लिहू? आणि डॉक्टरांच्या चिन्हात साप एक असतो की दोन?"

सापांचे शेवटी सांगतो, ते सोपे आहे.

तुझी यादी बरोबर आहे; चार द्रवांकडे आणि दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याकडे पुढे येतो. हवी तर ती आणखी लांबवता येईल. धमन्यांतून हवा वाहते असे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटे. रक्त यकृतात तयार होते असे वाटे. ॲरिस्टॉटल स्वतः वैद्य नव्हता, पण वैद्याचा मुलगा होता. तो मेंदूला शरीर थंड ठेवणारा अवयव समजत होता. तरीही पस्तीस वर्षे मेडिसिनच्या वॉर्डात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की सकाळच्या राउंडला आपण जे करतो त्यातले बरेचसे त्यांच्याकडून आलेले आहे. सिद्धांतांत ते सापडणार नाही. केसपेपरात बघ.

आधी 'जनक' या शब्दाचे बघू. हिपोक्रॅटिस नावाचा वैद्य खरोखर होऊन गेला. इ.स.पू. ४६० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या कॉस बेटावर त्याचा जन्म झाला. प्लेटोने त्याचा उल्लेख केला आहे, म्हणजे तो हयातीतच नावाजलेला होता. पण त्याच्या नावावर जे साठेक ग्रंथ आहेत ते एकाच्या हातचे नाहीत. भाषा आयोनियन ग्रीक, काळ बहुतांशी इ.स.पू. पाचवे-चौथे शतक, लेखक अनेक, आणि पुष्कळदा एकमेकांना खोडून काढणारे. त्यामुळे "हिपोक्रॅटिस म्हणतो" असे वाचलेस की मनात "त्या परंपरेतला कुणीतरी म्हणतो" असे वाच. बाप एक नव्हता, गोतावळा होता.

आता केसपेपर. या ग्रंथांत 'एपिडेमिक्स' नावाची सात पुस्तके आहेत. शीर्षकावरून वाटते तसे हे साथीच्या रोगांवरचे पाठ्यपुस्तक नव्हे. गावोगाव फिरणाऱ्या वैद्यांच्या त्या नोंदवह्या आहेत. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकात मिळून ४२ रुग्णांच्या नोंदी आहेत. पहिलाच रुग्ण फिलिस्कस, राहणार गावकुसाच्या भिंतीजवळ. पहिल्या दिवशी सपाटून ताप आणि घाम, रात्र तळमळीत. दुसऱ्या दिवशी सगळेच वाढले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरल्यासारखा वाटला. संध्याकाळी पुन्हा जोराचा ताप, तहान, जीभ कोरडी, लघवी काळी, रात्री भ्रम. चौथ्या दिवशी जास्त. पाचव्या दिवशी दुपारी नाकातून थोडे रक्त, रात्री हातपाय गार पडले ते पुन्हा गरम झालेच नाहीत. पहाटे वाचा गेली, गार घाम, हातपाय काळेनिळे. सहाव्या दिवशी दुपारी मृत्यू. शेवटी दोनतीन वाक्ये जोडली आहेत: प्लीहा (पाणथरी) गोल वर आलेली होती, त्रास सम दिवशी वाढत होता, आणि श्वास पहिल्यापासून शेवटपर्यंत विरळ आणि मोठा, जणू घ्यायचा विसरून मग आठवल्यासारखा.

ते शेवटचे वाक्य वाचताना मी दर वेळी थांबतो. हा श्वास तू पुढच्या वर्षी बघशील. डब्लिनच्या चेनने १८१८ मध्ये आणि स्टोक्सने १८५४ मध्ये तो वर्णन केला म्हणून त्याला त्या दोघांचे नाव आहे. पण "आठवल्यासारखा" हा शब्द जास्त नेमका आहे, आणि तो बावीस-तेवीस शतके आधीचा आहे.

१९८८ च्या पावसाळ्यात मी गडचिरोली जिल्ह्यात एका लहान दवाखान्यात होतो, पदवी घेऊन वर्षही झाले नव्हते. एक तरुण गडी बैलगाडीतून आणला. ताप, काळी लघवी, पाणथरी हाताला लागत होती, बडबड चालू. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, तिकडे घरोघरी होता, त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही. क्विनाइन लावले. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेताना काळ्या लघवीच्या रुग्णांवर बोलायची वेळ आली, तेव्हा तो केसपेपर आठवला. मी लिहिले होते: "ताप, बेशुद्ध, मृत्यू." तीन शब्द. लघवी कोणत्या दिवशी काळी झाली, मध्ये ताप उतरला होता का, श्वास कसा होता, काही नाही. फिलिस्कसला मलेरियाच झाला असावा असे पुष्कळांनी सुचवले आहे आणि मलाही तसेच वाटते, जरी इतक्या जुन्या रुग्णाचे निदान चिमट्यानेच धरावे. पण गंमत बघ. फिलिस्कसबद्दल आपण आज चर्चा तरी करू शकतो. माझ्या रुग्णाबद्दल मी स्वतःसुद्धा करू शकत नाही.

आणखी एक. त्या ४२ पैकी २५ रुग्ण दगावले. वैद्याने आपल्या हातून गेलेले रुग्ण असे ओळीने, नावपत्त्यासकट लिहून ठेवावेत, ही साधी गोष्ट नाही. त्याच काळात ग्रीसमधल्या एपिडॉरसला ॲस्क्लेपिअस या वैद्यकाच्या देवाच्या मंदिरात दगडी शिलांवर रुग्णांच्या कथा कोरलेल्या होत्या. आंधळा झोपला, स्वप्नात देव आला, सकाळी दिसू लागले. तिथे बहुतेक सगळे बरेच होतात. आजच्या जाहिराती कोणत्या परंपरेतल्या आहेत ते तूच ठरव.

या नोंदी ठेवण्यामागे एक व्यवहारही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. ग्रीक नगरात वैद्य व्हायला परवाना नव्हता, कुणीही पाटी लावावी. मग लोकांचा विश्वास कसा मिळवायचा? 'प्रॉग्नॉस्टिक' या ग्रंथाचा लेखक उघड सांगतो: पुढे काय होणार ते आधी सांगता आले तर लोक विश्वास ठेवतात, आणि रुग्ण मरणारच असेल तर ते आधी सांगितल्याने वैद्यावर ठपका येत नाही. नातेवाइकांना बाजूला घेऊन "परिस्थिती गंभीर आहे" सांगण्याची आपली पद्धत इतकी जुनी आहे.

मरणाऱ्याच्या चेहऱ्याचे प्रसिद्ध वर्णनही याच ग्रंथात आहे. नाक टोकदार, डोळे खोल, कानशिले बसलेली, कान गार आणि पाळ्या बाहेर वळलेल्या, कातडी ताणलेली आणि कोरडी, रंग काळपट-हिरवट. पाठ्यपुस्तके इथे थांबतात आणि 'हिपोक्रॅटिक फेसीज' हे नाव देऊन पुढे जातात. खरी मेख त्याच्या पुढच्या ओळींत आहे. असा चेहरा दिसला तर आधी विचारा, लेखक म्हणतो: झोप झाली नाही का? जुलाब फार झाले का? उपास घडला आहे का? यातले काही असेल तर धोका कमी समजा, चेहरा एका दिवस-रात्रीत सुधारेल. हे वाचल्यावर मला गॅस्ट्रोची साथ आठवते. संध्याकाळी आणलेले पोर प्रेतासारखे दिसते आणि दोन बाटल्या सलाईन गेल्यावर सकाळी बिस्किट मागते. लक्षण सांगणे एक, आणि ते लक्षण कधी फसवते हे सांगणे दुसरे. दुसरे फक्त त्यालाच सुचते ज्याचा अंदाज कधीतरी सपशेल चुकला आहे.

अपस्माराबद्दलचा ग्रंथ मात्र तू स्वतः वाच, लहानसाच आहे. फेफऱ्याला ग्रीक लोक 'पवित्र रोग' म्हणत. लेखकाची सुरुवातच अशी: हा रोग मला इतर रोगांपेक्षा जास्त पवित्र वाटत नाही, यालाही कारण आहे. मग तो मांत्रिकांवर तुटून पडतो. ते लोक रुग्णाला काळे कपडे घालू नको, बकरीच्या कातड्यावर झोपू नको, बकरीचे मांस खाऊ नको असे सांगत. लेखकाचा युक्तिवाद: असे असेल तर लिबियाच्या आतल्या भागातले लोक बकरीच्याच कातड्यावर झोपतात आणि तिचेच मांस खातात, मग तिथे एकही माणूस धडधाकट असता कामा नये! आणि शेवटी पुरावा. बकऱ्यांनाही असे झटके येतात. अशा बकरीचे डोके फोडून बघा, मेंदू ओला, पाण्याने भरलेला आणि दुर्गंधी येणारा सापडेल. म्हणजे हे देवाचे काम नव्हे, रोगाचे आहे. बहुधा ते जंताच्या अळीचे गळू असणार, मेंढपाळ ते आजही ओळखतात. कफाने मेंदूकडे जाणाऱ्या नळ्या तुंबतात, हे त्याचे पुढचे स्पष्टीकरण साफ चूक आहे. पण रोगाची जागा मेंदूत आहे हे बरोबर, आणि "शंका असेल तर कापून बघा" हे त्याहून बरोबर. आपल्याकडे एसटी स्टँडवर कुणाला फिट आली की आजही कुणीतरी चप्पल हुंगवायला धावतोच.

छातीच्या तपासणीत त्यांचा हात अजून जिवंत आहे, ते थोडक्यात सांगतो. छातीत पू झालेल्याला खुर्चीवर बसवायचे, एकाने हात धरायचे, वैद्याने खांदे धरून हलवायचे आणि कोणत्या बाजूला खळखळ ऐकू येते ते बघायचे. तुझ्या क्लिनिकल मेथड्सच्या पुस्तकात ही 'सक्कशन स्प्लॅश' म्हणून आहे. मग त्या बाजूला बरगड्यांमध्ये छेद घ्यायचा, कापडाची वात दोरा बांधून आत घालायची, रोज थोडा थोडा पू काढायचा. एकदम सगळा नाही. पू पांढरा, स्वच्छ असेल तर रुग्ण वाचतो, घट्ट, हिरवट, घाणेरडा असेल तर जातो. नळी बदलली, तत्त्व तेच. अशा रुग्णांची नखे वाकतात हेही त्यांनी लिहून ठेवले, म्हणून क्लबिंगला 'हिपोक्रॅटिक बोटे' हे नाव आहे. छातीला थेट कान लावून ऐकणेही त्यांना माहीत होते. चामड्याचा पट्टा करकरल्यासारखा आवाज असे एक वर्णन आहे, तो प्लुराचा, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाचा, घर्षणध्वनी. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकने १८०४ मधला आपला प्रबंध हिपोक्रॅटिसवरच लिहिला होता. निखळलेला खांदा बसवताना काखेत टाच देऊन हात ओढायची पद्धत तर ऑर्थोपेडिक्समध्ये त्याच्याच नावाने शिकवतात, आता वापरतात कमी इतकेच.

पथ्याबद्दल एक गंमत. तीव्र तापात त्यांचा मुख्य उपचार काय, तर सातूची पेज. कधी दाट द्यायची, कधी नुसते वरचे पाणी गाळून द्यायचे, कोणत्या दिवशी बंद ठेवायची, यावर अख्खा ग्रंथ आहे आणि इतर वैद्यांशी कडाकडा भांडणे आहेत. माझी कोकणातली आजी हे वाचून म्हणाली असती, यात ग्रंथ काय लिहायचा?

आता चार द्रव. रक्त, कफ, पिवळे पित्त, काळे पित्त. त्यांचा समतोल म्हणजे आरोग्य. हा सिद्धांत ज्या ग्रंथात स्पष्ट मांडला आहे तो हिपोक्रॅटिसच्या जावयाचा, पॉलिबसचा मानतात. त्याच हिपोक्रॅटिक संग्रहात दुसरा एक लेखक आहे जो असल्या गृहीतकांवर वैद्यक उभारणाऱ्यांची खिल्ली उडवतो, आणि त्याला कुणी संग्रहातून हाकलला नाही. मला हे फार मोलाचे वाटते. सिद्धांत टिकला तो सोयीचा होता म्हणून: चार द्रव, चार ऋतू, चार गुण, सगळे चौकटीत बसते. ज्या सिद्धांतात काहीही बसवता येते त्याच्यापासून सावध राहा, तो आजचा असला तरी. मेलँकोलिया म्हणजे शब्दशः काळे पित्त, एवढाच आता त्याचा अवशेष.

एवढाच म्हणालो, पण ते खरे नाही. आपल्या देशात तो जिवंत आहे. युनानी म्हणजे आयोनिया या ग्रीक प्रदेशाचे. आपला 'यवन' त्याच मुळातून आला. महाराष्ट्रातल्या युनानी महाविद्यालयांत बीयूएमएस करणारी मुले आजही चार खिल्त, म्हणजे तेच चार द्रव, शिकतात, आणि त्यातला 'बलगम' हा ग्रीक 'फ्लेग्मा'च, अरबीतून फिरून आलेला. हकीम ज्यांना बुक्रात आणि जालीनूस म्हणतात ते आपले हिपोक्रॅटिस आणि गॅलेन. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे शंभरावर ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले नसते तर युरोपलाही ते पुष्कळसे मिळाले नसते.

इथे तुझ्या वर्गातला कुणीतरी हात वर करणार: सर, त्रिदोष आपल्याकडून गेले ना? साम्य आहे. देवाणघेवाण व्यापारात नक्की होती. स्त्रीरोगांवरच्या हिपोक्रॅटिक ग्रंथात मिरीला भारतीय औषध म्हटले आहे. पण एका सिद्धांतातून दुसरा निघाला याला भक्कम पुरावा ना इकडून आहे ना तिकडून. एकाआड एक दिवस येणाऱ्या तापाला ग्रीक 'तिसऱ्याचा' म्हणत आणि आपल्या ग्रंथांतही तो 'तृतीयक'च आहे, दोघेही पहिला दिवस धरून मोजत. तेवढ्यावरून कुणी कुणाची वही बघितली असे म्हणता येत नाही. डास दोन्हीकडे होते.

कॉसपासून आता इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात टॉलेमी राजांच्या आश्रयाने तिथे दोन माणसांनी जे केले ते त्याआधी ग्रीक जगात कुणी केले नव्हते आणि पुढे सुमारे दीड हजार वर्षे कुणी केले नाही: मानवी देहाचे पद्धतशीर विच्छेदन. पहिला हिरोफिलस. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे ड्युओडेनम हे नाव त्याच्या 'बारा बोटे लांब' या ग्रीक शब्दाचे लॅटिन रूप आहे. मेंदूच्या मागच्या बाजूला शिरांच्या पोकळ्या जिथे मिळतात त्या जागेला अजून 'टॉर्क्युलर हिरोफिली' म्हणतात. तू ते पाठ केले असशील, माणूस कोण ते कुणी सांगितले नसेल. मज्जातंतू रक्तवाहिन्यांहून वेगळे आहेत, त्यांतले काही संवेदना नेतात आणि काही हालचाल घडवतात, हे या दोघांच्या कामातून पुढे आले. हिरोफिलस नाडी पाण्याच्या घड्याळाने मोजत असे आणि वयानुसार तिची लय कशी बदलते ते संगीताच्या तालांच्या भाषेत मांडत असे.

दुसरा इरॅसिस्ट्रॅटस. हृदयाच्या झडपा त्याने ओळखल्या, रक्त मागे येऊ नये म्हणून त्या आहेत हे ओळखले. इतक्या जवळ आलेला माणूस रक्ताभिसरणापाशी पोचला नाही, कारण धमन्यांत हवा असते यावर त्याचा ठाम विश्वास. मग धमनी कापल्यावर रक्त का येते? त्याचे उत्तर: हवा निसटते, पोकळी होते, ती भरायला शेजारच्या शिरेतले रक्त अदृश्य बारीक जोडण्यांतून धमनीत ओढले जाते. किती सुंदर चूक! केशिका त्याने कल्पनेने शोधल्या, फक्त प्रवाह उलटा. त्याचा दुसरा एक प्रयोग मला अधिक आवडतो: पक्षी भांड्यात कोंडायचा, अन्न द्यायचे नाही, आधी वजन करायचे, मग काही वेळाने पक्ष्याचे आणि विष्ठेचे मिळून वजन करायचे. वजन कमी भरते. म्हणजे शरीरातून न दिसणारे काहीतरी सतत जात असते. चयापचयाचा अभ्यास इथून मोजायला हरकत नाही.

पण काळी बाजूही सांगितली पाहिजे. रोमन लेखक सेल्सस म्हणतो की या दोघांना राजाकडून तुरुंगातले गुन्हेगार मिळत आणि त्यांनी जिवंतपणी त्यांची शरीरे उघडली. काहींना ही बदनामी वाटते, पण बरेच इतिहासकार ती खरी मानतात आणि मीही त्यांच्या बाजूचा आहे. सेल्ससने दोन्ही बाजू दिल्या आहेत: थोड्या अपराध्यांच्या यातनांतून असंख्य निरपराधांचे भले, असे एक पक्ष म्हणे. हाच युक्तिवाद विसाव्या शतकात छळछावण्यांतल्या डॉक्टरांनीही केला.

मधल्या काळातल्या चौघांना मी भराभर उरकतो. इफिससच्या रूफसने 'रुग्णाला काय विचारावे' यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हिस्ट्री घेण्यावरचे हे पहिलेच असावे. कॅपाडोशियाच्या अ‍ॅरिटिअसने मधुमेहाचे वर्णन मांस वितळून लघवीवाटे जावे तसे केले. लघवी गोड असते हे मात्र त्याने लिहिले नाही; ते आपल्याकडच्या वैद्यांनी नावातच सांगितले होते, आणि युरोपात ते थॉमस विलिसने १६७४ मध्ये नोंदवले. डायोस्कोरिडिसने पहिल्या शतकात पाच भागांत सुमारे सहाशे वनस्पतींची औषधे मांडली आणि ते पुस्तक पंधराशे वर्षे औषधशास्त्राचा आधार राहिले. मँड्रेक या वनस्पतीच्या मुळाची दारू शस्त्रक्रियेआधी द्यावी असे सांगताना जो परिणाम होतो त्याला त्याने 'अॅनेस्थेसिया' हाच शब्द वापरला आहे.

चौथ्यापाशी जरा थांबतो, कारण तो फार कुणाला माहीत नाही. सोरॅनस, इफिससचाच, रोममध्ये दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. गर्भाशय शरीरात जनावरासारखे भटकते आणि त्यातून स्त्रियांना झटके येतात, असा तोवरचा समज. सोरॅनसने तो नाकारला. सुईण कशी असावी? लिहिता-वाचता येणारी, नखे कापलेली, पैशाची हाव नसलेली आणि अंधश्रद्ध नसलेली. पायाळू वळवून मूल काढण्याची पद्धत त्याने सांगितली. जन्मल्याबरोबर बाळ जोरात रडते का, सगळे अवयव आणि द्वारे नीट आहेत का, हे बघायला सांगितले. आणि इतका शहाणा माणूस आईचे पहिले दूध बाळाला देऊ नका, मध चाटवा म्हणतो! चीक पिळून टाकणे आणि मधाचे बोट चाटवणे, हे बंद करायला आमच्या पिढीने किती गावांत किती सासवांशी वाद घातले असतील. तेव्हा मला ठाऊक नव्हते की समोरच्या बाजूला सोरॅनसही उभा आहे.

आता गॅलेन. जन्म १२९, पर्गममचा. तरुणपणी तिथल्या ग्लॅडिएटरांचा वैद्य. जखमा म्हणजे शरीराच्या खिडक्या असे तो मानी. पुढे रोम, सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य. अहंकारी, भांडखोर, आणि लिहिण्याचा झपाटा असा की एकोणिसाव्या शतकात छापलेली त्याच्या ग्रंथांची आवृत्ती बावीस जाड खंडांची आहे. शिवाय १९२ मधल्या रोमच्या आगीत बरेच जळाले ते वेगळेच.

त्याचे दोन प्रयोग तुला कायम लक्षात राहतील. पहिला मूत्रनलिकांचा, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्यांचा. लघवी मूत्रपिंडात तयार होते हे त्या काळच्या काही वैद्यांना मान्य नव्हते. गॅलेनने जिवंत जनावराच्या दोन्ही मूत्रनलिका बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला, नलिका फुगल्या. गाठ सोडली, मूत्राशय भरला. वाद संपला. दुसरा रोममध्ये भर सभेत: ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतले बारीक मज्जातंतू त्याने बांधले आणि डुक्कर ओरडायचे थांबले. सोडले, पुन्हा ओरडू लागले. विचार आणि आवाज हृदयातून येतात म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांना हे उत्तर होते. ते मज्जातंतू म्हणजे स्वरयंत्राकडे जाणारे रिकरंट लॅरिन्जिअल. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणारा सर्जन आजही त्यांनाच जपत असतो. धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग उघडून त्यात रक्तच आहे, हवा नाही, हेही त्याने दाखवले. इरॅसिस्ट्रॅटसचे चारशे वर्षांचे भूत तिथे उतरले.

मग चुकले कुठे? रोममध्ये मानवी विच्छेदन होत नव्हते. गॅलेनने माकडे, डुकरे, बैल कापले आणि त्यावरून माणूस लिहिला. बैलाच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे जाळे असते. गॅलेनने ते माणसालाही दिले. हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, हेही त्याचेच. आणि रक्त काढण्याचा आग्रहही. इरॅसिस्ट्रॅटस आणि त्याचे अनुयायी रक्त काढण्याच्या विरोधात होते, गॅलेनने त्यांच्यावर पुस्तके लिहून त्यांना गप्प केले. वादात जो जिंकला तोच त्या मुद्द्यावर चुकीचा होता, आणि त्याची किंमत पुढची सोळा-सतरा शतके रुग्णांनी मोजली. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचे शेवटच्या दुखण्यात भरपूर रक्त काढले, ते याच परंपरेतले.

गॅलेन स्वतः म्हणत असे की माझ्यावर विश्वास ठेवू नका, कापून बघा. शिष्यांनी पहिला भाग विसरून गॅलेनवरच विश्वास ठेवला. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने लिहिले की त्या पडद्याला छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून येते. व्हेसालिअस या शरीररचनातज्ज्ञाने १५४३ मध्ये गॅलेनच्या चुका एकामागून एक मांडल्या, तेव्हा पॅरिसमधला त्याचा जुना गुरू सिल्व्हिअस संतापला. गॅलेन चुकला नाही, त्यानंतर माणसाचे शरीर बदलले, असा त्याचा बचाव होता. १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले, तेही गॅलेनच्याच हत्याराने: बांधा आणि बघा, सोडा आणि बघा. दंडाला पट्टी बांधून शिरेवर बोट सरकवण्याचा त्याचा प्रयोग तू फिजिऑलॉजीत केलाच असशील.

हिपोक्रॅटिसच्या शपथेबद्दल तू विचारले नाहीस, पण कुणीतरी विचारेल. "प्रथम इजा करू नका" हे वाक्य शपथेत नाही. जवळचे वाक्य 'एपिडेमिक्स'मध्ये आहे, मदत करा, निदान अपाय करू नका असे. मूळ शपथेत मुतखड्याच्या रुग्णावरही शस्त्र चालवणार नाही असे वचन आहे, म्हणजे युरॉलॉजीचा विभागच बंद. २०२२ मध्ये आपल्याकडे या शपथेऐवजी चरकशपथ द्यावी का, यावरून वाद झाला. मूळ चरकसंहितेतही पती किंवा पालक हजर नसताना स्त्रीवर उपचार न करण्याची अट आहे. दोन्ही शपथा जशाच्या तशा आज कुणीच घेत नाही, घेऊही नये. रुग्णाच्या घरात ऐकलेले बाहेर न बोलण्याचे वचन मात्र दोन्हींत आहे.

परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना आला तर चार द्रवांना दोन ओळी दे. उरलेल्या जागेत एपिडेमिक्समधल्या नोंदी, अपस्मार मेंदूत असतो हा युक्तिवाद, हिरोफिलसचे विच्छेदन आणि गॅलेनचे मूत्रनलिका बांधणे लिही. तपासणारा खूश होईल, कारण बाकीचे सगळे शपथ लिहितात.

आणि साप एकच. ॲस्क्लेपिअसच्या काठीला एक साप, पंख नाहीत. दोन साप आणि वर पंख असलेली काठी हर्मिसची. तो देवांचा निरोप्या, शिवाय व्यापाऱ्यांचा आणि चोरांचा देव. अमेरिकेच्या लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये ती काठी चिन्ह म्हणून घेतली आणि तिथून हा घोळ जगभर पसरला. माझ्या पहिल्या स्कूटरवर दोन सापांचाच स्टिकर होता. तुझ्या गाडीवर कोणता आहे ते बघून घे.